खवट रक्ताचा तपास

सोसायटीच्या खिडक्यांना ग्रिल बसत होत्या आणि कमिटीने देखरेखीचं काम माझ्यावर टाकलं होतं. मी ड्राफ्ट्समन. भांडुपच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात आयुष्यभर सरळ रेषा मारून पोट भरलेला माणूस. रेषा सरळ की वाकडी हे सावंतांना विचारायचं, असा आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये रिवाज होता. तो मीच पाडला होता, ही गोष्ट वेगळी.

पहिली ग्रिल बसली आणि मी म्हणालो, "काढा. गज वाकडे आहेत."

ग्रिलवाला शिडीवरून खाली बघत राहिला. "कुठे वाकडे साहेब? नवीन माल आहे."

"मध्ये. पोट सुटल्यासारखे दिसतायत."

शेजारच्या परबने मान तिरकी करून पाहिलं. "मला तर सरळच दिसतात रे."

ग्रिलवाल्याने परबला चहा पाजला असणार, असं मी मनात म्हटलं. माझा स्वभावच तसा. डॉक्टरने औषध दिलं तर मी बाटलीच्या तळाशी काय बसलंय ते आधी बघतो. तोंडी वाद नको म्हणून मी घरातून ओळंबा आणला. दोऱ्याला लटकवलेलं वजन. त्याच्याइतकं सरळ या पृथ्वीवर दुसरं काही नाही. तो गजाशेजारी सोडला, एक डोळा मिटून नेम धरला आणि जमलेल्या चार लोकांसमोर जाहीर केलं, "हा दोरासुद्धा खराब निघाला. मध्ये वाकतोय."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. परब हळू आवाजात म्हणाला, "सावंत, लटकता दोरा वाकेल कसा?"

मी उजवा डोळा मिटला होता. तो उघडला आणि डावा मिटला. दोरा सरळ. गज सरळ. परत डाव्याने पाहिलं, तर दोऱ्याला पोट आणि परबच्या चेहऱ्याच्या जागी धूर. ग्रिलवाल्याला "बसवा" म्हटलं आणि घरी येऊन खुर्चीत बसलो. संशय घ्यायला ग्रिलवाला उरला नव्हता, परब उरला नव्हता. म्हणजे पंचाईतच.

*

घाटकोपरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझा उजवा डोळा पुठ्ठ्याने झाकला. "माझ्या नाकाकडे बघा. काय दिसतं?"

"कान दिसतात. दोन्ही."

"आणि नाक?"

"तुमचं नाक पुसलं गेलंय." रेघ ओली असताना शर्टाची बाही लागली की शाई फरफटते, तसला तो डाग होता. आम्ही ब्लेडने खरवडून काढतो. इथे खरवडायचं काय?

माझी बायको शालिनी शेजारच्या स्टुलावर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती. तिने विचारलं, "मोतीबिंदू ना?"

त्या दिवसांत सगळे हेच विचारत. मोतीबिंदू असता तर मी पेढे वाटले असते. डॉक्टर म्हणाले, "नाही. डोळ्याच्या पडद्याचा जो मधला भाग असतो, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, त्याच्याखाली गळती झाली आहे. वयामुळे होतं."

"माझं काही एवढं वय नाही," मी म्हणालो. "अजून रिटायरसुद्धा झालेलो नाही."

"डोळ्याला सर्व्हिसचे नियम लागू नसतात, सावंत."

"आणि उजवा?"

"आज चांगला आहे."

त्या 'आज'वर मी अडकलो. त्यांनी पुढे बरंच सांगितलं. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात जा, तिथे यंत्र आहे, लेझरने गळती बंद करता येते का बघतील. पण मला पुढचं काही ऐकू आलं नाही. चांगला असेल तर चांगला म्हणा. 'आज' कशाला? काहीतरी लपवत होते हे नक्की.

तेव्हापासून मला जगातलं एकच उत्तर हवं होतं. उजवा राहील की तोही जाईल? दोन्ही गेले तर माणूस ठार आंधळा होत नाही, कडेकडेचं दिसत राहतं, असं सगळे धीर देत. म्हणजे दार दिसेल, दारात उभी असलेली मुलगी दिसणार नाही. याला धीर म्हणतात.

*

मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांच्या विभागाबाहेर लांबच लांब बाकं होती. सकाळी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालायचे आणि मग सगळ्यांनी मिटल्या डोळ्यांनी बसून राहायचं. एखाद्या मठात समाधी लागलीय असं बाहेरच्याला वाटावं. फक्त समाधी लावलेली माणसं मध्येच "आता कितवा नंबर?" म्हणून ओरडत.

तिथे कांबळेकाका भेटले. चेंबूरचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांचे दोन्ही डोळे माझ्या डाव्यासारखे झाले होते आणि जीभ मात्र शाबूत होती.

मी नंबर विचारला तसे ते म्हणाले, "नवीन का? आवाजावरून घाबरलेले दिसता."

"नाही, नाही."

"मग मीच घाबरलेला असेन. बसा."

त्या दिवशी माझ्या हाताच्या शिरेत पिवळा रंग टोचला आणि डोळ्यांचे फोटो काढले. बिघाड डोळ्यात आणि सुई हातात, इथेच मला शंका आली होती. घरी येऊन बाथरूममध्ये गेलो आणि पिवळाधमक प्रकार पाहून ओरडलो. शालिनीने माझा चेहरा बघितला, तोही हळदीला बसवल्यासारखा. तिने शेजारून काविळीचं औषध देणाऱ्या बाईचा पत्तासुद्धा आणला. हॉस्पिटलात हे आधी सांगितलं होतं, असं दुसऱ्या दिवशी नर्स म्हणाली. सांगितलं असेल. त्या वेळी मी सिरिंजवरचं नाव वाचायच्या खटपटीत होतो.

पुढे लेझर झालं. हनुवटी टेकवायची, हलायचं नाही, आणि हिरवी वीज डोळ्यात चमकत राहते. दुखलं फारसं नाही. ज्यांना करायचं आहे त्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी खुर्चीचे हात इतके आवळले होते की खरं दुखलं ते बोटांना. गळती थांबली. गेलेली नजर परत आली नाही. ती येणार नाही हेही त्यांनी सांगितलं होतं आणि यावर मात्र मी लगेच विश्वास ठेवला.

जिना उतरताना कांबळेकाकांनी माझा दंड धरला. कोण कोणाला उतरवत होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, पण खाली पोचलो.

*

लेझरनंतरच्या तपासणीला गेलो तेव्हा डॉ. केळशीकर नावाच्या तरुण बाई समोर आल्या. त्या डोळे तपासत नव्हत्या, त्या संशोधन करत होत्या. म्हणाल्या, "सावंत, तुमचं थोडं रक्त हवं होतं. द्यायलाच पाहिजे असं नाही."

'द्यायलाच पाहिजे असं नाही' म्हटलं की माझे कान उभे राहतात.

कांबळेकाका मागून म्हणाले, "देऊन टाका. माझं घेतलं. बाहेर विकत असतील तरी माझं कोण घेणार?"

बाई हसल्या आणि त्यांनी मला बसवून समजावलं. रक्तात स्निग्ध पदार्थ असतात. प्राणवायूशी संबंध येऊन त्यांतले काही बिघडतात. "घरात तेल उघडं राहिलं की खवट होतं ना, साधारण तसं समजा." असला बिघडलेला माल डोळ्याच्या पडद्यामागेही साचत असावा अशी शंका आहे. रक्तातलं त्याचं प्रमाण मोजून, कोणाचा डोळा बिघडणार हे आधी ओळखता येईल का, एवढंच त्यांना बघायचं होतं. "अजून काही सिद्ध झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "सिगरेट ओढता?"

"कधीतरी."

"ती मात्र आजपासून बंद करा." हे त्यांनी दोनदा सांगितलं.

मी दंड पुढे केला आणि रक्त दिलं. सिगरेटचं मला ऐकू आलं नाही, 'सिद्ध झालेलं नाही' हेही ऐकू आलं नाही. मला ऐकू आलं ते 'खवट'.

खवट तेल. म्हणजे गुन्हेगार घरातच होता.

*

आमच्या स्वयंपाकघराच्या फळीवर एक झाकणाचं स्टीलचं भांडं असे. कोकणातल्या पुष्कळ घरांत असतं. मासे तळून उरलेलं तेल गाळून त्यात ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाकायचं. तेल फेकणं म्हणजे पाप. माझी आई तेच करायची, शालिनीची आईही तेच. आजवर त्या भांड्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं. आता कामावरून आलो की आधी तिथे जाऊ लागलो.

झाकण उघडायचं, नाक घालायचं. मग खोबरेल तेलाची बरणी. मग रेशनचं पामतेल. मग शेंगदाण्यांचा डबा, सुकं खोबरं, गावाहून आलेला सोड्यांचा, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीचा, डबा. सोड्यांचा वास घेण्यात काही अर्थ नसतो, त्यांचा वास जन्मजातच असतो, पण तपासात पक्षपात नको. जेवतानाही घास उचलून आधी नाकाशी नेई. डोळ्याने दगा दिला, आता सगळी भिस्त नाकावर.

शालिनीने हे पहिले काही दिवस पाहिलं. नंतर ती माझ्या पानात फक्त उकडलेलं वाढू लागली. उकडलेली भाजी, उकडलेले मासे, वर मीठ. तेलाचा थेंब नाही. मी त्याचाही वास घेतला.

"बाबा," आमची नंदा म्हणाली. ती तेव्हा कॉलेजात होती. "तुम्ही ना आईला जाम त्रास देताय."

"मी एक शब्द तरी बोललो का?"

"तेच ना. बोला तरी काहीतरी."

काय बोलणार? रोज सकाळी कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या चौकटीच्या कागदासमोर मी उभा राहत असे. हॉस्पिटलाने दिलेला. डावा डोळा झाकायचा, उजव्याने मधल्या ठिपक्याकडे बघायचं, आणि एखादी रेघ वाकली तर ताबडतोब यायचं. रेघा सरळ असत. मी मात्र त्यांच्याकडे इतका टक लावून बघे की शेवटी त्या हलताहेत असं वाटू लागे. मग स्वयंपाकघरात भांडं वाजलं की वाटायचं, मी इथे रेघा मोजतोय आणि तिथे कढईत माझा उजवा डोळा तळला जातोय.

हे वाक्य लिहायला आज लाज वाटते. पण अशा आजारात माणसाचं डोकं कसं चालतं हे ज्यांना तो झालाय त्यांनी वाचायला हवं, म्हणून ठेवतो.

एके दिवशी मी त्या भांड्यातलं तेल औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं, खिशात घातलं आणि थेट हॉस्पिटल गाठलं. डॉ. केळशीकरांच्या टेबलावर बाटली ठेवली. "हे तपासा."

त्यांनी बूच उघडलं आणि लगेच बंद केलं. "काय आहे हे?"

"पुरावा."

"सावंत," त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "मी उदाहरण दिलं होतं. कढईतलं तेल आणि रक्तातले पदार्थ यांचा असा सरळ जोड नसतो. शरीरात होतं ते वेगळं." माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना ते मला पटलं नसल्याचं कळलं असावं. "असं करा, मिसेसना घेऊन या. मला तशीही पेशंटच्या घरची, डोळे चांगले असलेली माणसं हवी आहेत. तुलनेसाठी. एकाच घरातलं जेवणारी."

घरी आलो तर शालिनी फळीसमोर उभी होती. ती एरवी मुंबईचंच बोलते. रागावली की मात्र तिची मालवणी वर येते.

"त्याल खय गेला?"

"हॉस्पिटलात दिलं. तपासायला."

ती काही वेळ माझ्याकडे बघत राहिली. माझ्या कुठल्या डोळ्याकडे बघावं हे ठरवत असावी. "मी तुमका वीख घालतंय काय?"

"तसं नाही गं. शास्त्रीय प्रश्न आहे. तुझंही रक्त मागितलंय त्यांनी."

"होय? मग चला," ती म्हणाली. "माझं रक्त काय म्हणतं तेपण बघू दे."

मी मनातून खूश झालो. तिचं रक्त माझ्यासारखंच खवट निघालं की स्वयंपाकघर दोषी. मग कढई बदलायची, तेल बदलायचं, आणि उजवा डोळा वाचला. किती सोपं. रात्रीपासून काही न खाता आम्ही दोघं गेलो, दोघांनी रक्त दिलं आणि परत आलो.

*

उत्तर यायला बरेच आठवडे गेले. बाई एकेकट्याचे आकडे सांगायला तयार नव्हत्या. "आकडा एका माणसाचा बघायचा नसतो, पुष्कळ जणांचा मिळून बघायचा असतो." मी त्यांना इतक्या वेळा गाठलं की कंटाळून त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं.

"तुमच्या दोघांत फारसा फरक नाही," त्या म्हणाल्या. "मिसेसचा आकडा थोडा जास्तच आहे."

"जास्त?" मी म्हणालो. "हिचे डोळे तर चांगले आहेत."

"म्हणूनच सांगते, दोन माणसांच्या आकड्यांवरून काही ठरत नाही."

"पण जास्त कसा? आम्ही एकाच कढईतलं खातो."

शालिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एकाच नाही."

बाईंनी आणि मी, दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"ह्यांना दुसऱ्यांदा तापलेलं तेल चालत नाही," ती बाईंना सांगू लागली, जसा मी तिथे नव्हतोच. "लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात ताट सरकवून उठले होते. तेव्हापासून ह्यांचं आणि पोरीचं ताज्या तेलात करते. उरलेलं माझ्या वाटणीला. माझी भाजी मी मागाहून फोडणीला टाकते."

"कधीपासून?" मी विचारलं.

"सांगितलं की आत्ता."

बाईंनी पुन्हा समजावलं. कमीजास्त आकड्याचं कारण ते तेल असेलच असं नाही, वय आहे, प्रकृती आहे. मग माझ्याकडे वळून विचारलं, "सिगरेट सोडलीत?"

"कमी केली."

"रोज दोन," शालिनी म्हणाली. "गच्चीवर."

गच्चीचं तिला माहीत आहे हे मला माहीत नव्हतं. मी विषय बदलला. ज्यासाठी इतके दिवस फिरलो तो प्रश्न शेवटी विचारला. "या आकड्यावरून माझ्या उजव्याचं काही सांगता येतं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पुढे कधी येईल कदाचित. त्यासाठीच हे करतोय. आज मला सांगता येणार नाही, आणि सांगितलं तर ते खोटं असेल."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला वाटलं की समोरचा माणूस काही लपवत नाहीये. वाईट इतकंच की लपवायला त्यांच्याकडे काही नव्हतंच. उजव्याचं कोणालाच माहीत नव्हतं. गुन्हेगार सापडला असता तर डोळा वाचला असता, असा माझा हिशेब होता. गुन्हेगार नाही म्हणजे फक्त वाट बघायची. सकाळी कागद, दिवसभर काम, दुसऱ्या सकाळी परत कागद. हे लिहीपर्यंत रेघा सरळ आहेत. ऑफिसात बारीक मापं माझ्या शेजारचा सोबती घालतो आणि ते कोणाला सांगत नाही. गच्चीवर मी आता नुसता वारा खायला जातो.

त्या दिवशी मात्र मी एकच हट्ट धरला. "हिचे डोळे तपासा. आत्ता."

"मला काही झालेलं नाही," शालिनी म्हणाली.

"मलाही काही झालं नव्हतं."

थेंब घातले, ती बाकावर डोळे मिटून बसली आणि मी तिच्या शेजारी बसलो. मला त्या बाकावर इतकी भीती स्वतःच्या नंबराला कधी वाटली नव्हती. डॉक्टरांनी बराच वेळ आत पाहिलं. मग म्हणाले, पडदा स्वच्छ आहे, दोन्ही.

बाहेर आलो तर रणरणतं ऊन. थेंबांमुळे तिला डोळे उघडवेनात. तिने माझा दंड धरला आणि मी माझ्या एका डोळ्याच्या भरवशावर तिला फाटकापर्यंत आणलं. रस्ता ओलांडायला थांबलो तेव्हा मी विचारलं, "इतकी वर्षं शिळं तेल खात होतीस, मला एकदा तरी सांगायचं."

डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, "तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही नुसते वास घेत फिरलात."